दान्तेच्या ‘कॉमेडी’तलं राजकारण वाचायचं कसं

इटालियन कवी दान्तेची ‘दिव्य कॉमेडी’ हातात घेतली की बहुतेक जण नरकाच्या पहिल्या सर्गापासून सुरुवात करतात आणि सहाव्या-सातव्या सर्गाशी फ्लॉरेन्स या त्याच्या शहरातल्या नावांनी बेजार होऊन पुस्तक मिटतात. कथा म्हणून वाचायची तर तोच क्रम बरोबर. पण तिच्यातला राजकीय आणि नैतिक विचार समजून घ्यायचा असेल तर सरळ मधे शिरा: नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग या तीन खंडांपैकी शुद्धिलोकाचा (स्वर्गाआधी पापं धुण्याच्या जागेचा) सर्ग 16. एकूण 100 सर्गांत तो 50वा, ओळी 145. दान्तेची मांडणी इथे एकाच माणसाच्या तोंडून सलग येते.

आधी प्रत नीट निवडा. समोरासमोर इटालियन मजकूर, ओळींचे क्रमांक आणि प्रत्येक सर्गाला टिपा, या तिन्ही गोष्टी हव्यात. इंग्रजी अनुवाद वापरणार असाल तर यमक जुळवलेला घेऊ नका. मूळ रचना तीन-तीन ओळींची, यमकांची साखळी गुंफलेली आहे. ती दुसऱ्या भाषेत ओढताना शब्द वाकवावे लागतात आणि ‘कायदा’, ‘लगाम’, ‘राजा’ असे कळीचे शब्दच हरवतात. गद्य अनुवाद रुक्ष वाटला तरी इथे तोच कामाचा. संदर्भ नेहमी सर्ग आणि ओळ असा टिपा, ज्ञानेश्वरीतली ओवी अध्याय-क्रमांकाने सांगतात तसा. पाठभेद दिसले तर गोंधळू नका. दान्तेच्या हातचं एकही पान उरलेलं नाही, सगळं नकलांवर आलेलं आहे. अशी एक जुनी नक्कल मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतही आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडून आलेली.

आता सर्ग 16. क्रोधाचं प्रायश्चित्त घेणारे जीव दाट धुरात चालताहेत. काही दिसत नाही म्हणून काव्यातला प्रवासी दान्ते त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, याच्या खांद्याला धरून आहे. धुरातून मार्को नावाचा लोम्बार्द (उत्तर इटलीतला) माणूस बोलतो. दान्ते त्याला विचारतो (ओळी 58 ते 63): जगात सद्गुण उरला नाही, याचं कारण आकाशात की माणसांत? मार्को आधी सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, जग आंधळं आहे, आणि तू तिथूनच आलेला दिसतोस. यापुढे हातात पेन्सिल ठेवा. ओळी 67 ते 72 मध्ये तो सांगतो की सगळं ग्रहताऱ्यांवर ढकललं तर इच्छास्वातंत्र्य संपतं, मग चांगल्याला सुख आणि वाइटाला दुःख देण्यात न्याय उरत नाही. 82-83 मध्ये ठपका थेट माणसांवर येतो. 85 ते 93 हा भाग सर्वांत सुंदर आहे: देवाच्या हातून आलेला जीव हसत-रडत खेळणाऱ्या लहान मुलीसारखा, काहीच न जाणणारा, क्षुल्लक सुखाची चव लागली की फसतो आणि कुणी आवरलं नाही तर त्याच्याच मागे धावत सुटतो. म्हणून 94 ते 96 मध्ये कायद्याचा लगाम येतो, आणि खऱ्या नगरीचा निदान मनोरा तरी ज्याला दिसतो असा राजा येतो. मग 97व्या ओळीतला तो प्रश्न: कायदे आहेत, पण ते हातात घेतो कोण?

इथे थांबून एक गोष्ट नक्की करा. बालकासारख्या जिवापासून राजापर्यंतची वाट दान्तेने अवघ्या 12 ओळींत गाठली आहे. नीती आणि राजकारण ही त्याच्या लेखी दोन प्रकरणं नाहीतच. माणसाची इच्छा मोकळी आहे म्हणून तिला वाट दाखवणारा हवा, आणि वाट दाखवणाराच हावरट निघाला तर लोक त्याचंच पाहून तेच ओरपतात (100 ते 102). दोष माणसाच्या स्वभावाचा नसून वाईट नेतृत्वाचा आहे, असं मार्को 103 ते 105 मध्ये स्वच्छ सांगतो.

पुढच्या ओळींत बहुतेक वाचक घसरतात. रोमला दोन सूर्य होते, एक ऐहिक वाट दाखवणारा (सम्राट), एक देवाची (पोप). एकाने दुसऱ्याला विझवलं आणि तलवार धर्मगुरूच्या हातातल्या काठीला जोडली गेली. हे वाचून दान्तेला आधुनिक धर्मनिरपेक्ष ठरवण्याचा मोह होतो. तो टाळा. पोपचे समर्थक पोपला सूर्य आणि सम्राटाला उसन्या उजेडाचा चंद्र म्हणत, त्याला हे उत्तर आहे. दान्तेच्या मते दोन्ही सत्ता देवाकडूनच येतात. त्या एकाच हातात गेल्या की एकीला दुसरीचा धाक उरत नाही, ही त्याची तक्रार (ओळ 112).

हा सर्ग दोनदा वाचून झाला की वहीत या तारखा लिहा. 1300 चं ईस्टर हा काव्यातला काळ. त्याच उन्हाळ्यात दान्ते फ्लॉरेन्सच्या सहा प्रायरांपैकी, म्हणजे शहराच्या कारभाऱ्यांपैकी, एक होता. 27 जानेवारी 1302 ला त्याच्यावर पदाचा गैरवापर करून पैसे खाल्ल्याचा ठपका आला, 5000 फ्लोरिन दंड आणि हद्दपारी; 10 मार्चला जिवंत जाळण्याची शिक्षा. 18 नोव्हेंबर 1302 ला पोप बोनिफेस आठव्याने जाहीर केलं की आध्यात्मिक आणि ऐहिक दोन्ही तलवारी चर्चच्या अधिकारातल्या. आणि 24 ऑगस्ट 1313 ला ज्याच्याकडून दान्तेला इटली सावरण्याची आशा होती तो सम्राट सातवा हेन्री वारला, तिथे ती राजकीय आशा संपली. काव्यातली ‘भविष्यवाणी’ या तारखांवर ताडून पाहा. 1300 नंतरचं जे खरं ठरलेलं दिसतं ते दान्तेने घडून गेल्यावर लिहिलेलं आहे. नरकाच्या सर्ग 19 मध्ये खड्ड्यात उलटा रोवलेला पोप निकोलस तिसरा दान्तेचा आवाज ऐकून विचारतो, बोनिफेस, तू इतक्यात आलास? बोनिफेस मेला 1303 मध्ये. तारीख माहीत नसेल तर हा घाव कळतच नाही.

मग तिन्ही खंडांतले सहावे सर्ग लागोपाठ वाचा: 115, 151 आणि 142 ओळी, एका बैठकीत होतात. नरकात फ्लॉरेन्स, शुद्धिलोकात इटली, स्वर्गात साम्राज्य. शुद्धिलोकातली ओळ 76 पासूनची इटलीवरची आगपाखड मोठ्याने वाचा. स्वर्गातला अख्खा सर्ग सम्राट जस्टिनियन एकटा बोलतो, आणि 97 ते 108 मध्ये तो ग्वेल्फ (पोपचा पक्ष) आणि गिबेलिन (सम्राटाचा पक्ष) दोघांनाही झोडपतो: एक पक्ष साम्राज्याच्या गरुडाविरुद्ध उभा, दुसरा त्याच गरुडाला आपलं निशाण बनवणारा. त्यामुळे दान्तेला एका पक्षाच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही.

नैतिक नकाशासाठी नरकाचा सर्ग 11 घ्या. तिथे व्हर्जिल असंयम, हिंसा आणि कपट अशी उतरंड समजावतो. खुनी वर आणि ठक खाली हे पाहून वाचक चक्रावतात. दान्तेचं कारण सर्गातच आहे (ओळी 25-26, मग 52 ते 66): कपट हे खास माणसाचं पाप, आणि ते माणसांमधला विश्वासच कापतं. म्हणूनच लाचखोर अधिकारी सर्ग 21 आणि 22 मध्ये उकळत्या डांबरात, खुन्यांच्या कितीतरी खाली. पैसे मिळाले की तिथे ‘नाही’चं ‘हो’ होतं, ही लुक्का शहरावरची सर्ग 21 मधली 42वी ओळ ध्यानात ठेवा. ज्या आरोपाखाली दान्तेला हाकललं, त्याच पापाला त्याने दोन सर्ग दिले आहेत.

प्रत्येक राजकीय उताऱ्यापाशी चार नोंदी करा: बोलतो कोण, त्याला ठेवलंय कुठे, कुणाविषयी बोलतो, आणि कोणती तारीख लागू पडते. दुसरी नोंद विसरली की दान्तेचा आदर आणि त्याचा निकाल यांची गल्लत होते. नरकाच्या सर्ग 10 मधला फारिनाता हा फ्लॉरेन्सचा गिबेलिन पुढारी जळत्या थडग्यातून ताठ उभा राहतो, फ्लॉरेन्स उद्ध्वस्त होण्यापासून आपणच वाचवल्याचं सांगतो, दान्ते त्याच्याशी मानाने बोलतो, तरी तो नरकातच आहे. उलट बाजूने हीच कसोटी शुद्धिलोकाच्या सर्ग 20 मध्ये लावा (ओळी 86 ते 90). ज्या बोनिफेससाठी नरकात जागा राखून ठेवली, त्यालाच 1303 मध्ये अनान्यी या गावात पकडलं तेव्हा दान्तेला त्यात ख्रिस्ताचीच पुन्हा विटंबना दिसते. माणूस पापी, पण पद पवित्र. हा भेद हाती लागला की बाकीचे सर्ग सुटत जातात.

‘मोनार्किया’ हा त्याचा लॅटिन गद्य ग्रंथ यानंतरच उघडा, आणि तिसऱ्या भागापासून. सूर्य-चंद्राचा युक्तिवाद तिथे तो पायरीपायरीने खोडतो. 1329 मध्ये एका कार्डिनलने (चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने) तो ग्रंथ जाळायला लावला, आणि चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून तो 1881 मध्ये सुटला. मात्र त्याची चावी प्रत्येक सर्गाला लावू नका. ग्रंथात दान्ते वाद घालतो. काव्यात तो पात्रांना बोलू देतो आणि त्यांच्या जागेवरून त्यांना तोलतो.

स्वर्गाचा सर्ग 30 सर्वांत शेवटी ठेवा. ओळी 133 ते 138 मध्ये हेन्रीसाठी रिकामं सिंहासन दिसतं, आणि 142 ते 148 मध्ये दान्तेची प्रिया आणि स्वर्गातली वाटाडी बेआत्रिचे ही पोप क्लेमंट पाचवा आणि बोनिफेस यांच्या नरकातल्या जागेविषयी बोलते. संपूर्ण काव्यातलं तिचं हे शेवटचं बोलणं.