इंजिन रडतं, दुखतो रूळ: छोट्या रेल्वेतल्या या चुका टाळा

"काका, इंजिन गेलं. मोटर जळली असेल का?" असं विचारत जो आपली मॉडेल रेल्वे, म्हणजे खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती, घेऊन दारात येतो, त्याला मी बहुतेक वेळा तसाच परत पाठवतो. आधी रूळ पुसून या म्हणतो.

नाशिकला उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा, दोन्ही पुरेपूर. रुळांवर काळपट थर बसतो, वीज चाकांपर्यंत पोचत नाही आणि शिव्या खातं इंजिन. खात्री करायची असेल तर इंजिन उलटं धरा, कंट्रोलरच्या १२ व्होल्ट डीसीच्या दोन वायरी दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा. चाकं गरगर फिरली तर मोटर ठणठणीत आहे.

थर काढायला पॉलिश पेपर मात्र नको. मी एकदा फिरवला होता. तीन दिवस गाडी झकास धावली आणि मग रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळे पडायला लागले, कारण बारीक ओरखड्यांत घाण घट्ट बसते. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. चाकंही पुसा, नाहीतर तीच घाण पुन्हा रुळावर येते.

तेलाचंही तेच. एका पोराने गिअरमध्ये खोबरेल घातलं होतं. डिसेंबरात आपल्याकडची थंडी पडली, तेल थिजलं आणि इंजिन जागचं हलेना! प्लास्टिकला चालणारं हलकं तेल आणा आणि सुईच्या टोकाने थेंबभरच सोडा. जास्त झालं की ते ओघळून चाकांवर, तिथून रुळांवर.

लांबच्या टोकाला गाडी मंदावते? रुळांचे सांधे ढिले झालेले असतात. दर मीटरभर अंतरावर खालून वायरी डाखून घ्या.

खरी गंमत घाटाची. नाशिककराला थळ घाट हवाच असतो. कसारा ते इगतपुरी हा चढ खरोखर ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आणि गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. आता गणित करा. एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाच्या गाडीत, एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर सुमारे ८ सेंमी उंची गाठावी लागते. ३७ ला १ ने ती गाठायला साधारण ३ मीटर लांबी हवी. लोक ती मीटरभरात गाठतात, म्हणजे १२ ला १, आणि मग चाकं घसरतात म्हणून इंजिनाच्या छतात शिसं भरतात. चढ वळणावर असेल तर गाडी ओढणं आणखी जड जातं. पायथ्याशी सपाटीवरून एकदम चढ सुरू केलात तर कपलिंग सुटतं. तिथे चढ हळूहळू वाढवत न्या. आणि बँकरची हौस असेल तर दोन्ही इंजिनं एकाच वेगाची आहेत का ते आधी मोकळ्या रुळावर तपासा. मागचं जोरात असेल तर मधले डबे वळणावर बाहेर फेकले जातात.

मापाचं थोडक्यात: एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६, दोन्हींच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. म्हणून इंजिन एकाचं आणि डबे दुसऱ्याचे असं सर्रास होतं, आणि इंजिन डब्यांपेक्षा थोराड दिसतं. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिमीचं. १:८७ ने ते १९ मिमीच्या वर जातं. १६.५ वर आपली गाडी जरा अरुंद पायांवर उभी दिसणारच. ते मी सोडून देतो.

इतिहासाची चूक मात्र सोडवत नाही. डब्ल्यूसीजी-१, म्हणजे 'क्रोकोडाइल', हे विजेचं इंजिन, १९२८ पासून आलेलं देखणं धूड. नावातला डब्ल्यू ब्रॉडगेजचा, सी डीसी विजेचा, जी मालगाडीचा. परवा एकाने नाशिकरोडचा फलाट हुबेहूब केला होता, बाकडी आणि नळासकट, आणि शेजारी उभी केली क्रोकोडाइल. तिला १५०० व्होल्ट डीसी लागायची आणि ती डीसी विजेची तार इगतपुरीलाच संपायची. पुढे नाशिककडे गाडी न्यायची तर इंजिन बदलायचं. त्या काळात ते वाफेचं. म्हणून इगतपुरीला तारेखाली वाफेचं इंजिन दाखवलंत तर बिनधास्त दाखवा.

क्रोकोडाइलच हवी असेल, तर फलाटावरची पाटी बदला: नाशिकरोड पुसा आणि इगतपुरी लिहा.