गेमिंगसाठी होम थिएटर रिसीव्हर घेताना या चुका टाळा

बटण दाबल्यावर पडद्यावरचा खेळाडू किंचित उशिरा हलतो असे जाणवले, की घरात नव्याने आलेल्या रिसीव्हरवर, म्हणजे कन्सोलचे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्रावर, पहिला आळ येतो, आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. कन्सोलकडून (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या खेळयंत्राकडून) आलेले चित्र रिसीव्हरने काहीही फेरफार न करता टीव्हीकडे पाठवले, तर त्यात पडणारी विलंबाची भर सहसा हाताला कळण्याइतकी नसते. म्हणून आधी कन्सोल थेट टीव्हीला जोडून तोच खेळ खेळून पाहावा. उशीर तसाच राहिला, तर टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरची जास्तीची प्रक्रिया टाळून उशीर कमी करणारे सेटिंग, बंद आहे का ते तपासावे. तो बंद असताना रिसीव्हर बदलण्यात पैसे घालणे ही सर्वांत महागडी चूक होय.

थेट जोडणीत उशीर नाहीसा झाला, तर मात्र रिसीव्हरच्या व्हिडिओ सेटिंगकडे वळावे. १०८० पीचे चित्र ४के करून देणारे अपस्केलिंग चित्रपटासाठी उपयोगी असले, तरी त्या प्रक्रियेसाठी फ्रेम, म्हणजे चलत्चित्रातले एकेक चित्र, काही काळ साठवून ठेवावी लागू शकते. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे असताना, एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि १२० हर्ट्झवर सुमारे ८.३ मिलिसेकंदांची, अशा एक-दोन फ्रेम अडकल्या, तरी चपळ खेळात फरक पडतो. गेमिंगच्या इनपुटपुरती ही सर्व प्रक्रिया बंद ठेवावी. टीव्हीला आपोआप गेम मोडमध्ये नेणारा एएलएलएमचा संकेत रिसीव्हर पुढे पोहोचवतो की नाही, हेही खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

खरेदीतली सर्वांत मोठी फसगत ‘एचडीएमआय २.१’ या शब्दांनी होते; चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीच्या मानकाची ही आवृत्ती. या मानकातील बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत, त्यामुळे खोक्यावर तो आकडा छापलेला असला तरी ४के १२० हर्ट्झ किंवा व्हीआरआर (खेळाच्या वेगानुसार पडद्याचा वेग बदलण्याची सोय) मिळेलच अशी हमी नसते. दुकानदाराला आवृत्ती विचारण्याऐवजी इनपुट प्रतिसेकंद किती गिगाबिट घेते, असे विचारावे. जुन्या २.० पोर्टची मर्यादा १८ गिगाबिट होती, २.१ मानकाची कमाल ४८ आहे, एक्सबॉक्स सीरीज एक्स ४० पर्यंत जातो आणि प्लेस्टेशन ५ साधारण ३२ वर थांबतो. २४ गिगाबिटच्या पोर्टवर ४के १२० हर्ट्झ चालते, पण रंगांचा तपशील कमी करूनच. शिवाय मागच्या बाजूला सात इनपुट दिसतात म्हणून सातही वेगवान असतील असे समजू नये; डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३७००एचमध्ये सातपैकी एकच इनपुट ८के दर्जाचे, म्हणजे वेगवान आहे. घरात दोन कन्सोल असतील, तर ही बाब निर्णायक ठरते. अनेक रिसीव्हरमध्ये ही क्षमता इनपुटनिहाय सेटिंगमधून वेगळी सुरू करावी लागते, तेही विसरू नये.

जुना रिसीव्हर विकत घेणाऱ्यांनी २०२० सालच्या मॉडेलांबाबत विशेष सावध राहावे. त्या वर्षीच्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही रिसीव्हरमधील एचडीएमआय चिपमध्ये दोष होता, त्यामुळे एक्सबॉक्स सीरीज एक्सचे किंवा एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेतील ग्राफिक्स कार्डाचे ४के १२० हर्ट्झ चित्र जोडल्यावर पडदा काळा पडत असे. डेनॉन आणि मरांट्झने त्यावर वेगळा अडॅप्टर दिला, तर यामाहाने बोर्ड बदलून देण्याचा मार्ग स्वीकारला. विक्रेत्याकडून अडॅप्टर मिळतो का किंवा बोर्ड बदलला आहे का, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. अर्थात काळा पडदा किंवा अधूनमधून तुटणारे चित्र साध्या केबलमुळेही येते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रमाणपत्राची, शक्य तितकी आखूड केबल लावून पाहिल्याशिवाय रिसीव्हर दुरुस्तीला पाठवू नये.

आवाजाचा उशीर हा चित्राच्या उशिरापेक्षा निराळा प्रश्न आहे, आणि दोहोंची गल्लत केल्यास उपाय चुकतो. गोळी झाडलेली वेळेवर दिसते पण आवाज मागाहून येतो, अशी स्थिती असेल तर प्रथम रिसीव्हरमधला ‘ऑडिओ डिले’ शून्यावर आणावा. चित्रपटासाठी कधीतरी वाढवलेला हा आकडा तसाच राहून गेलेला असतो. नंतर कन्सोलचे ऑडिओ आउटपुट लिनियर पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या आवाजावर, ठेवावे, कारण डॉल्बी किंवा डीटीएस हे दाबलेल्या आवाजाचे प्रकार निवडल्यास कन्सोलला आवाज आधी एन्कोड करावा (दाबून बांधावा) लागतो आणि रिसीव्हरला तो पुन्हा उलगडावा लागतो. ब्लूटूथ हेडफोनचा विलंब बहुधा याहून कितीतरी अधिक असतो, त्यामुळे त्यांवरून रिसीव्हरची परीक्षा घेऊ नये.

रिसीव्हर जुना पण सुस्थितीत असेल, तर तो टाकून देण्याची घाई नको. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स थेट टीव्हीला जोडून आवाज एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून उलट रिसीव्हरकडे नेणाऱ्या सोयीने) रिसीव्हरकडे आणता येतो. मात्र साध्या एआरसीवर पीसीएम फक्त दोन चॅनेलचा जातो, त्यामुळे सराउंड (चहूबाजूंनी येणारा आवाज) हवा असेल तर तिथे डॉल्बी निवडून थोडा विलंब स्वीकारावा लागतो. बहुचॅनेल पीसीएमसाठी टीव्ही आणि रिसीव्हर या दोघांतही ई-एआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, असणे आवश्यक आहे. पहिल्या निंटेंडो स्विचची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो सराउंड फक्त पीसीएममध्येच देतो, पण चित्र १०८० पी ६० हर्ट्झच्या पुढे नेत नाही, म्हणून तो थेट जुन्या रिसीव्हरलाच जोडावा.