साउंड कार्डवर १९.८ किलोहर्ट्झ

४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं (सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारं) साउंड कार्ड २४ किलोहर्ट्झच्या आतलंच पकडतं. पाणबुड्यांना १९.८ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारं ऑस्ट्रेलियातलं एनडब्ल्यूसी रेडिओ केंद्र ऐकायला तेवढं पुरतं. एक मीटर चौरस लाकडी चौकटीवर २८ गेजच्या इनॅमल तारेचे ५० वेढे घ्या; हाच अँटेना, त्याची टोकं माइकच्या जॅकला जोडा. त्या जॅकवर डीसी व्होल्टेज असतं, म्हणून मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. चौकटीची कड आग्नेयेकडे.

विंडोजमधलं नॉइज सप्रेशन आधी बंद करा, नाहीतर सिग्नलच गाळला जातो. स्पेक्ट्रम लॅब या कंप्रता दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १९.८ वर उभी रेघ दिसेल. मजकूर सांकेतिक; तीव्रतेची नोंद ठेवा, दिवसा सौरज्वाला आली की आलेख अचानक हलतो.

लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर फार गोंगाट करतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यांजवळ तर नादच सोडा, पन्हाळ्याकडं जा. वळवाचे ढग दिसले की तार काढा.