सम-एक्समध्ये व्हेरिएबल वापरताना या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या अहवाल बनवणाऱ्या साधनातील डॅक्स या सूत्रभाषेत २०१५ साली व्हेरिएबलची (नाव देऊन साठवलेल्या मूल्याची) सोय आली आणि लांबलचक मेजर (नाव देऊन ठेवलेली गणनेची सूत्रे) वाचणे बरेच सुसह्य झाले. तरीही सम-एक्स (प्रत्येक ओळीचे मूल्य मोजून बेरीज करणारे) किंवा फिल्टर (अटीत बसणाऱ्या ओळी निवडणारे) यांसारख्या ओळीओळीने फिरणाऱ्या फंक्शनांबरोबर व्हेरिएबल आले की आकडे हमखास चुकतात. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: व्हेरिएबल जिथे लिहिले आहे तिथल्याच संदर्भात (तिथे लागू असलेले फिल्टर आणि चालू ओळ यांनुसार) त्याचे मूल्य ठरते आणि एकदा ठरले की ते बदलत नाही.

म्हणूनच व्हेरिएबलमध्ये साठवलेल्या बेरजेवर नंतर कॅल्क्युलेट (फिल्टर बदलून सूत्र मोजणारे फंक्शन) लावून काहीही साध्य होत नाही. ‘एकूण’ या व्हेरिएबलमध्ये चालू वर्षाची विक्री घेतली आणि कॅल्क्युलेटला तेच ‘एकूण’ मागील वर्षाच्या फिल्टरसह दिले, तर उत्तर चालू वर्षाचेच येते आणि वाढीच्या रकान्यात सर्वत्र शून्य टक्के दिसतात. सूत्र कोणतीही एरर दाखवत नाही, त्यामुळे ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते. कॅल्क्युलेटला व्हेरिएबल न देता [एकूण विक्री] हे मेजरच द्यावे.

सम-एक्सच्या आत व्हेरिएबल लिहिले की ते प्रत्येक ओळीसाठी नव्याने मोजले जाते, पण त्यात नुसते सम वापरले तर ते चालू ओळीपुरते मर्यादित राहत नाही. विक्रीच्या तक्त्यात २००, ५०० आणि ३०० अशा तीन ओळी असतील, तर आतले सम(विक्री[रक्कम]) तिन्ही वेळा १,००० देते आणि अंतिम उत्तर ३,००० येते. इथे थेट विक्री[रक्कम] लिहिणे पुरेसे आहे. समभोवती कॅल्क्युलेट घालण्याचा उपाय अनेक जण करतात, परंतु कॅल्क्युलेट चालू ओळीच्या मूल्यांशी जुळणाऱ्या सर्व ओळी घेते; त्यामुळे तक्त्यात २०० रुपयांच्या दोन ओळी सर्व रकान्यांत तंतोतंत सारख्या असतील, तर त्या प्रत्येक ओळीला ४०० मिळतात आणि त्या दोघींची बेरीज ८०० होते.

याच्या उलट, काही व्हेरिएबल बाहेरच हवीत. सरासरीपेक्षा जास्त विक्री झालेली उत्पादने मोजताना सर्व उत्पादनांची सरासरी काढणारे मेजर फिल्टरच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवले, तर मेजर चालू ओळीतील उत्पादनापुरतेच मोजले जाऊन प्रत्येक उत्पादनाची तुलना त्याच्या स्वतःच्याच विक्रीशी होते, एकही उत्पादन सरासरीच्या वर जात नाही आणि कार्ड (अहवालातील एकच आकडा दाखवणारी चौकट) रिकामे राहते. तेच व्हेरिएबल फिल्टरच्या आधी लिहिले की सरासरी एकदाच ठरते आणि मोजणी बरोबर येते.

व्हेरिएबलमध्ये तक्ता साठवला असेल, तर त्यातील रकान्यांना मूळ तक्त्याच्याच नावाने संबोधावे लागते. व्हेरिएबलचे नाव रकान्यापुढे चालत नाही.

आकडा कुठे बिघडला हे शोधायचे असल्यास शेवटच्या रिटर्ननंतरचे (व्हेरिएबलनंतर उत्तर देणाऱ्या शब्दापुढचे) सूत्र बाजूला ठेवून तिथे एकेक व्हेरिएबल लिहून पाहावे. सम-एक्सच्या आतले व्हेरिएबल मात्र आतल्या रिटर्नमध्येच लिहावे, कारण बाहेर ते ओळखले जात नाही.