थर्ड शिफ्टच्या आठवड्यात झोप कशी सांभाळायची

चाकणला तीन शिफ्टमध्ये अकरा वर्षं झाली मला. नवीन पोरगं आलं की पहिल्याच थर्डच्या (रात्री दहा ते सकाळी सहा) आठवड्यात लाल डोळे घेऊन विचारतं, दादा दिवसा झोपच लागत नाही ओ, काय करू? म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी हे डोक्यात घ्या की चूक तुमची नाहीये. मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, वाढतं, झोप येते, पहाटे चारच्या आसपास अंग सगळ्यात थंड पडतं (लाईनवर नेमकी तेव्हाच मान पडते बघा, मशीनवर तेव्हा जपून), आणि ऊन दिसलं की उठायची वेळ झाली. हे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, म्हणजे दहा ते सहाची सवय लागेपर्यंत आठवडा संपतो आणि पुढं सकाळची फर्स्ट उभीच. त्यामुळे शरीर पूर्ण रात्रीचं करायच्या नादी लागू नका, उजेड आणि अंधार तेवढा सांभाळा.

शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात लख्ख उजेडात राहा. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलात की काळा गॉगल लावा, पोरं हसली तर हसू दे. गाडीवर जात असाल तर मात्र नको, झोपेत गाडी चालवणंच मुळात धोक्याचं, शक्यतो बसच पकडा.

घरी आल्यावर रेंगाळायचं नाही, आठच्या आत आडवं व्हायचं. मी खिडकीला आतून पुठ्ठा आणि वर काळी चादर ठोकलीय, भर दुपारी बारालाही खोलीत हात दिसत नाही. आईला सांगितलंय, कुकर मी झोपायच्या आत लावून टाक, आणि ती लावतेसुद्धा. दीडपर्यंत झोप झाली तरी चालेल, राहिलेली संध्याकाळी सात ते साडेआठ काढायची, ही डुलकी सोडू नका, रात्र तिच्यावरच निघते.

खाण्याचं म्हणाल तर घरून पोटभर जेवून निघा, कारण रात्री शरीराला साखर नीट जिरवता येत नाही आणि कँटीनचा दोन वाजताचा समोसा तसाच अंगावर बसतो. मूठभर शेंगदाणे, ताक, एखादं केळं बास. शेवटचा चहा दोनच्या आत, कारण त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. शुगरची नाहीतर बीपीची गोळी चालू असेल तर शिफ्ट बदलली की वेळ डॉक्टरांनाच विचारा, मनाने पुढंमागं करू नका.

सुपरवायझर ऐकणारा असेल तर फर्स्ट, सेकंड, थर्ड असाच क्रम मागून घ्या, झोप पुढं ढकलणं शरीराला सोपं जातं, मागं ओढणं जड.

शेवटची थर्ड करून रविवारी सकाळी आलात की दोन-तीन तासच झोपा, अलार्म लावूनच. मग बाहेर उन्हात या, भाजी आणा, पोरांना फिरवा, दुपारी कितीही डोळे मिटले तरी पडू नका. रात्री नऊला अंथरुणावर, म्हणजे सोमवारी पहाटेची बस चुकत नाही.