बी.आर्क. झालं म्हणजे आर्किटेक्ट झालो? या चुका टाळा

थीसिसची ज्युरी, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा, आटोपली की मुलं नावाआधी ‘आर्किटेक्ट’ लावून मोकळी होतात. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टच्या कलम ३७ प्रमाणे त्यासाठी आधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची, म्हणजे आर्किटेक्टांची नोंद ठेवणाऱ्या वैधानिक संस्थेची, नोंदणी लागते. बंदी या उपाधीवर आहे, डिझाइनच्या कामावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा सरांच्या ऑफिसात खुशाल ड्रॉइंग काढा, व्हिजिटिंग कार्ड मात्र नोंदणी क्रमांक हातात पडल्यावरच छापा.

सगळ्यात महागात पडणारी चूक प्रवेशाच्या वेळी होते. कॅम्पस बघून फी भरली जाते आणि कौन्सिलची मान्यता आहे का, किती जागांना आहे, हे कुणी विचारतच नाही. ‘एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आहे ना, मग झालं’ हे तर अजूनही ऐकू येतं. कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या कॉलेजचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आर्किटेक्चरच्या शिक्षणात शब्द कौन्सिलचाच, असा निकाल नोव्हेंबर २०१९ मध्ये लागला. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. फी भरण्याआधी पाच मिनिटं ती बघा, मग गेटवरचा बोर्ड. आणि इंटिरियर डिझाइनच्या पदवीवर ही नोंदणी मिळत नाही. समुपदेशक काहीही सांगोत.

ट्रेनिंगला नावाजलेलं ऑफिस मिळवायची धडपड मला तरी फुकाची वाटते. तिथे सहा महिने थ्रीडी व्ह्यू रंगवत बसाल. त्यापेक्षा असं छोटं ऑफिस बघा जिथे सबमिशन ड्रॉइंग, म्हणजे पालिकेच्या मंजुरीसाठीचे नकाशेही करायला मिळतील आणि साइटवरही पाठवतील. बाथरूमचा स्लॅब खाली सोडायचा राहिला की ड्रेनेजचा पाइप न्यायचा कुठून, यावर प्लंबर आणि कंत्राटदाराची जुंपते. ते भांडण एकदा समोर उभं राहून ऐकलं की सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) लेव्हल, म्हणजे उंची लिहायला कुणी विसरत नाही.

पदवी हातात आली आणि नोंदणीचा अर्ज अडकला? बहुतेकदा गोची नावात असते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी घोळ. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद करून घ्या. नुसता क्रमाचा किंवा स्पेलिंगचा फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, तरीही अडलं तर प्रतिज्ञापत्र जोडा. हे सगळं शेवटच्या वर्षातच उरका, कारण तेव्हा वेळ नसतो असं वाटतं आणि नोकरी लागल्यावर तो खरंच नसतो.

नोंदणी एकदा केली की जन्माची झाली, असंही नाही. नूतनीकरणाची फी थकली तर नाव नोंदवहीतून निघू शकतं आणि ते पुन्हा चढवायला वेगळी फी मोजावी लागते. परदेशी शिकायला जाणारे इथे हमखास फसतात. निघण्याआधी पुढच्या काही वर्षांची फी एकदम भरून टाका आणि कौन्सिलकडे आपला चालू ईमेल आहे ना, तेवढं तपासा.