कॉलेजातली मुक्ताफळं टिपायची कशी

भित्तिपत्रकात किंवा वार्षिक अंकात 'कानावर पडलेलं' असं सदर चालवायचं असेल, तर पहिलं काम आहे वेगाने लिहून घेणं. ऐकलेल्या वाक्याचा अर्थ डोक्यात राहतो, शब्द राहत नाहीत. जॅकलिन सॅक्स यांच्या १९६७ सालच्या प्रयोगात हे नेमकं दिसलं. वाक्य ऐकल्यावर पुढे जेमतेम अर्ध्या मिनिटाचं बोलणं कानावर पडलं, की त्याची शब्दरचना बदललेली लोकांना ओळखता येत नव्हती. अर्थ बदललेला मात्र लगेच कळत होता. मुक्ताफळाची सगळी गंमत शब्दांत असते, म्हणून संध्याकाळी आठवून लिहायचं म्हटलं की हाती उरतो फक्त सारांश.

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल पुरे. मोबाइलवर टिपलं तरी चालेल, पण रेकॉर्डिंग अजिबात नको. लोकांना न सांगता त्यांचा आवाज साठवणं गैर आहे. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: मूळ वाक्य जसंच्या तसं, त्याच्या लगेच आधीचं वाक्य, जागा, तारीख आणि सूर. सुरासाठी 'गं' म्हणजे गंभीर, 'थ' म्हणजे थट्टा एवढी खूण करा. महिन्याभराने वही उघडल्यावर हीच खूण सगळ्यात उपयोगी पडते, कारण मुद्दाम केलेला विनोद या सदरात बसत नाही. बोलणाऱ्याचं नाव वहीतसुद्धा लिहू नका.

पीक सगळ्यात चांगलं येतं परीक्षा हॉलच्या बाहेर, पेपर सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. मग कँटीनची रांग, झेरॉक्सची रांग, तोंडी परीक्षेची वाट बघणारा घोळका. वर्गात फारसं काही मिळत नाही, तिथे बोलणारा एकच असतो. एक पथ्य पाळा: समोरच्यांनी आवाज खाली केला, की तिथून निघा. आजारपण, घरचं दुःख, पैशाची ओढाताण, प्रेमभंग यांतलं कितीही हास्यास्पद वाटलं तरी टिपू नका.

आता संपादन. इथेच बहुतेक जण चांगला माल नासवतात. समजा, ही नोंद आहे:

– प्रोजेक्ट किती झालाय गं?
– नव्वद टक्के.
– मग उरलंय काय?
– विषय ठरवायचाय.

उत्साही संपादक याचं असं करतो: 'विषयसुद्धा ठरलेला नसताना एक मुलगी म्हणाली की प्रोजेक्ट नव्वद टक्के झालाय!' माहिती तीच आहे, पण जे शेवटी कळायला हवं ते सुरुवातीलाच फुटलं, आणि उद्गारचिन्हाने वाचकाला हसण्याचा हुकूमही सोडला. संवाद शेवटच्या ओळीवर तोडा. 'आणि सगळे खो खो हसले' हे कधीही लिहू नका. प्रसंग सांगावाच लागला तर दोन-तीन शब्दांत: 'लिफ्टमध्ये', 'निकालाच्या दिवशी'. त्याहून जास्त लागत असेल, तर ते वाक्य स्वतःच्या पायावर उभं नाही. सोडून द्या.

शब्दांना हात लावू नका, विशेषतः 'च', 'की', 'ना' यांना. "पेपर सोपाच होता, फक्त प्रश्न कळले नाहीत" यातला 'च' काढून बघा, बोलणाऱ्याचा सगळा आत्मविश्वास गळून पडतो. "माझी पन्नास टक्के हजेरी, पन्नास टक्के गैरहजेरी, शंभर भरतात की!" इथे तर 'की' हाच युक्तिवाद आहे. 'ठरवायचाय'चं 'ठरवायचा आहे' करू नका. अडखळणं, 'अं', 'म्हणजे' मात्र खुशाल गाळा.

उच्चार, बोली किंवा गावाकडचा हेल यावर हसणं म्हणजे मुक्ताफळ टिपणं नव्हे. प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्नही नव्हे. न कळणारा विचारतो, तो शहाणाच. मूर्खपणाला ठामपणा लागतो: "लॉटरी लागेल किंवा नाही लागणार, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी."

छापण्याआधी दोन तपासण्या करा. पहिली: हा जुना विनोद तर नाही ना? "पिझ्झाचे चारच तुकडे कर, आठ खाण्याइतकी भूक नाही" हे योगी बेरा या अमेरिकी बेसबॉलपटूच्या नावावर कधीपासून फिरतंय. फारच घोटीव वाक्य मिळालं की संशय घ्या, खरं मुक्ताफळ थोडं ओबडधोबड असतं.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, कारण चुकली तर हसं संपादकाचं होतं. वाक्य खरंच चूक आहे का? "उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वी सूर्यापासून लांब असते" हे ऐकून हसू येतं, पण ते बरोबर आहे. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर असतं, जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७ कोटी. ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. "शुक्र स्वतःभोवती फिरेपर्यंत त्याचं वर्ष संपतं" हेही खरं: स्वतःभोवतीची एक फेरी पृथ्वीच्या २४३ दिवसांची, वर्ष २२५ दिवसांचं. "२३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त" हेसुद्धा खरं. विज्ञान आणि आकड्यांची वाक्यं त्या विषयाच्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका.

वीस नोंदींतल्या पाच-सहा टिकल्या तर निवड ठीक चाललीय. एका पानावर आठ ते दहा पुरेत. दोन लांब संवाद लागोपाठ नकोत, आणि सगळ्यात जोरदार वाक्य पहिलं न ठेवता तिसरं-चौथं ठेवा, तोवर वाचकाचा कान तयार होतो. टिपल्यापासून निदान दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे 'परवाचं ते वाक्य' म्हणून कुणी बोट दाखवणार नाही. वर्गात एकच मुलगी असेल तर 'मुलगी' न लिहिता नुसती रेघ द्या. वाक्यातल्या शब्दांवरूनच माणूस ओळखू येत असेल, तर शब्द बदलण्याऐवजी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर नोंद बाद.

एवढं करूनही कुणी येऊन म्हणेल, "हे माझं आहे, काढा." त्याच दिवशी काढा, वाद घालू नका, आणि वहीतलं ते पानही फाडून टाका.